सहीनंतरची दुरुस्ती

देवळाच्या पायरीवर बसून न्यायाधीश गुरुदास वालावलकरांनी बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. रस्त्यावरच्या एस.टी. थांब्यापासून दीड मैल चालून पाय सुजले होते आणि डावा बूट निघता निघत नव्हता. पट्टेवाला धोंडू मदतीला वाकला, तेव्हा त्यांनी त्याला हातानेच नको म्हटलं. चाळीस माणसांदेखत पट्टेवाल्याकडून बूट काढून घेणं त्यांना बरं वाटेना. पण वाकलं की कंबर धरत होती, त्यामुळे काम बरंच लांबलं, आणि तेवढा वेळ सगळा गाव रवळनाथाच्या सभामंडपात गप्प बसून त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

विहिरीवर वादी परशुराम परब अंघोळ करत होता. तीन घागरी डोक्यावर ओतून, तसंच ओलेत्याने त्याने देवासमोर उभं राहायचं, गुरवाने देवाच्या अंगावरचं फूल त्याच्या हातावर ठेवायचं, आणि मग त्याने एकच वाक्य बोलायचं, की वरच्या कोपऱ्यातली जागा आमच्या बाबांनी यशोदेला दिली नव्हती, नुसतं राहू दिलं होतं. एवढं बोलला की दावा संपला. यशोदा म्हातारीने आपलं चंबूगबाळं आवरून चालायला लागायचं.

हे सगळं म्हातारीने स्वतःच ओढवून घेतलं होतं.

परशुराम चार महिन्यांचा असताना त्याची आई गेली. बाप गंगाराम परब गावचा मानकरी, घरी शेतीभाती, पण रडतं पोर घेऊन बसणं त्याला जमणारं नव्हतं. शेजारच्या वाडीतल्या यशोदेचा नवरा त्याच वर्षी गेला होता आणि पाठोपाठ तान्हं मूलही. तिने परशुरामला अंगावर पाजलं, वाढवलं, त्याच्या गोवर-कांजिण्या काढल्या, आणि पुढे तो मालवणच्या शाळेत गेल्यावर दर रविवारी पेजेचे तांदूळ डोक्यावर घेऊन त्याच्याकडे चालत गेली. १९४४ च्या जत्रेत गंगारामने गाऱ्हाणं घातलं. म्हणजे देवासमोर नारळ धरून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने देवाला सांगितलं, की या बाईने माझं पोर जगवलं, माझ्या जमिनीतला वरचा कोपरा मी तिला दिला, माझ्या वंशातल्या कुणी त्यावर हात टाकला तर ते तू बघून घे. गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. झालं, एवढाच काय तो दस्त. स्टॅम्प नाही, सही नाही, रजिस्टर कचेरीत नोंद नाही. इतकी पक्की झालेली गोष्ट पुन्हा कागदावर घालायची असते, हे त्या गावात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

यशोदेने त्या कोपऱ्यात चिऱ्यांचं दोन खोल्यांचं घर बांधलं आणि सात माड लावले. पुढे गंगाराम वारला. परशुराम मुंबईला गिरणीत लागला, लग्न झालं, दोन मुलं झाली. मग कट्टा गावाहून येणारा नवा रस्ता नेमका त्या कोपऱ्याला घासून गेला, त्यावरून एस.टी. धावायला लागली, आणि परळच्या खोलीत नऊ माणसांत अंग चोरून झोपणाऱ्या परशुरामला तिथे आपलं दुकान दिसायला लागलं. तो काही वाईट माणूस नव्हता, मुंबईला विटलेला होता इतकंच. यशोदेला आपल्या घराच्या पडवीत ठेवून घ्यायलाही तो तयार होता. ती नको म्हणाली. मग वकिलाने त्याला सांगितलं की तोंडी दान कायद्याला मान्य नाही, आणि तो दावा लावून मोकळा झाला.

वकिलाचं म्हणणं खोटं नव्हतं. नोंदवलेलं नसेल तर जमिनीचं दान पोकळ. पण कायद्याच्या घराला मागचंही एक दार होतं. दान पोकळ असलं, तरी जमीन आपलीच म्हणून कुणी बारा वर्षं मालकासारखं बसलं, तर पुढे कायदाच त्याला मालक मानतो. यशोदेला तर पंधरा वर्षं झाली होती. उलट ‘रहा बाई इथे’ म्हणून गंगारामने नुसतं राहू दिलं असेल, तर पन्नास वर्षं बसली तरी ती पाहुणीच. सगळा दावा असा एका प्रश्नावर येऊन ठेपला होता: गंगारामने दिलं, की राहू दिलं?

परशुरामने कोर्टात सांगितलं, की राहू दिलं असं बाबाच मला म्हणाले होते, आणि त्या जत्रेच्या वेळी मी शाळेसाठी मालवणात होतो. यशोदेने सांगितलं, दिलं. समन्स काढून आणलेले तिघे मानकरी मूग गिळून बसले. देवाच्या कानावर घातलेली गोष्ट कचेरीत उघडी करायची नाही, ही गावची रीत. त्यांतला थोरला बाबली एवढंच म्हणाला, की फारच अडलं असेल तर साहेबांनी रवळनाथाला कौल लावावा. वालावलकरांनी कपाळाला हात लावला होता.

यशोदेला वकील नव्हता. तीच उठून उभी राहिली आणि म्हणाली, की परशुरामने देवळात ओलेत्याने उभं राहून तसं म्हणावं, त्याच दिवशी मी घर सोडते. शपथेच्या जुन्या कायद्यात अशा बोलण्याला खरोखरच एक कलम होतं. एका पक्षाने आपण होऊन दुसऱ्याच्या शपथेवर सगळं सोपवलं आणि दुसऱ्याने ती शपथ घेतली, तर पहिल्याला पुढे ब्र काढता येत नाही. वालावलकरांनी तिला तीनदा समजावलं, की तो तसं म्हणाला तर तुमचं घर जाईल, बाई. म्हातारी नुसती हसली होती. माणूस कचेरीत काहीही बोलतो, पण ओल्या अंगाने रवळनाथासमोर? आणि तोही आपल्या हातची पेज पिऊन वाढलेला? तो तसं म्हणणारच नाही, अशी तिची खात्री होती.

परशुरामने एकदा वकिलाकडे पाहिलं होतं आणि तो म्हणाला होता, “घेतंय शपथ.”

म्हातारीचं हसू तिथेच थांबलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

शपथ द्यायला कारकुनाला पाठवूनही चाललं असतं. वालावलकर स्वतः आले, कारण या प्रकाराने त्यांना आठवडाभर झोप नव्हती. शपथ झाली की कलम बंधनकारक, आणि मग त्यांनी करायचं काय? सही. एखाद्याच्या खोट्यावर सरकारचा शिक्का मारायचा आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. एकतीस वर्षं धारवाड, धुळे, जळगाव करत ते शेवटच्या वर्षी मालवणला आले होते. मूळ शिरोड्याचे, म्हणून सरकारने मेहेरबानी केली होती. चार महिन्यांत पेन्शन. आता निवांतपणे घोटभर चहा घेऊन समुद्राकडे बघत बसायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि नेमका हा दावा त्यांच्या पानात पडला होता.

परशुराम विहिरीवरून आला. पंच्यातून पाणी गळत होतं. चैत्रातलं भर ऊन असूनही त्याच्या अंगावर काटा आला होता. त्याची बायको मुंबईहून आली होती. ती दोन्ही मुलांना पुढ्यात धरून खांबाशी उभी होती. परशुराम गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला. गुरवाने तांबडं फूल त्याच्या तळहातावर ठेवलं. वालावलकर त्याच्या मागे उभे होते.

“बोला,” ते म्हणाले.

“बा देवा रवळनाथा,” परशुरामने सुरुवात केली. “वयल्या कोपऱ्यातली जागा माज्या बापाशीन यशोदेक...”

“नको रे झिला.”

यशोदा उठली होती. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली आणि तिने त्याच्या तळहातावरचं फूल उचलून घेतलं. मूल काहीतरी उचलून तोंडात घालायला निघालं की आई जसं त्याच्या हातातून काढून घेते, तसं.

“बोलू नको,” ती म्हणाली. “माका शपथ नको. माजा बोलणा मी मागे घेतलंय.”

सभामंडपात कुणी हललं नाही. वादीचे वकील तेवढे चटकन पुढे सरकले. रावसाहेबांनी नोंद घ्यावी, ते म्हणाले, प्रतिवादीने आपण होऊन दिलेला शब्द ऐन वेळी मोडला आहे. वालावलकरांनी वही उघडली. कचेरीत वापरायच्या मराठीत त्यांनी यशोदेला विचारलं, की शपथेची मागणी तुम्ही का मागे घेत आहात, याचं कारण कोर्टाला सांगा.

म्हातारीला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

“तेका दोन पोरां आसत,” ती म्हणाली.

वालावलकरांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. परशुराम तसाच ओला उभा होता, रिकामा तळहात पुढे धरून. बायकोने येऊन त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, तेव्हा त्याने हात खाली घेतला.

परतताना न्यायाधीश पुन्हा पायरीवर बसून बूट चढवत होते. एका पक्षाशी दुसऱ्याच्या माघारी बोलायचं नाही हा त्यांचा नियम, पण वादी आणि त्याचे वकील शेजारीच उभे होते, म्हणून यशोदा जवळ आली तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. तिचं एकच मागणं होतं.

“घर गेला तरी चलात,” ती म्हणाली. “पण तुमच्या कागदात तेका खोटो म्हणान लिवू नकात.”

वालावलकर बुटाशी झटत राहिले. बूट पायात जात नव्हता. शेवटी धोंडूने न विचारता खाली बसून तो चढवला आणि त्यांनी चढवू दिला.

पुढच्या तारखेला कोर्टात वादीच्या वकिलांनी तासभर भाषण केलं. म्हातारीला माहीत होतं, ते म्हणाले, की वादी शपथ घेणार आणि सत्य बाहेर येणार, म्हणून तिने काढता पाय घेतला. स्वतः मागितलेल्या कसोटीला जो स्वतःच घाबरतो, त्याची बाजू कोर्टाने काय धरायची? त्यांनी दोन जुने निकालही वाचून दाखवले. यशोदेला काही सांगायचं आहे का, असं विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली.

शनिवारी दुपारी कोर्ट सुटल्यावर वालावलकर आपल्या खोलीत निकाल लिहायला बसले. खिडकीतून खारा वारा येत होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांनी त्यांवर कायद्याची दोन जाड पुस्तकं ठेवली होती. त्या पुस्तकांचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. कायदा वादीच्या बाजूने वाचता येत होता, प्रतिवादीच्याही बाजूने वाचता येत होता, आणि दोन्ही वाचनं सरळ होती. अशा वेळी वरच्या कोर्टाला आवडेल ते वाचन घ्यावं आणि मोकळं व्हावं, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. तरुणपणी त्यांनी ते शिकायला नकार दिला होता. मधल्या काळात बऱ्यापैकी शिकलेही होते. धुळ्याला एका बाईला त्यांनी असंच तिच्या घरातून बाहेर काढलं होतं, अगदी कलमाला धरून, आणि तो निकाल अपिलातही टिकला होता. तिचा चेहरा आता आठवत नव्हता, याची त्यांना लाज वाटली.

म्हातारी का मागे फिरली? वकील म्हणतात, भीतीने. बरोबर, भीतीनेच. पण खऱ्या शपथेने परशुरामच्या मुलांचं काय बिघडणार होतं? त्याच्या मुलांसाठी घाबरायचं, तर त्याची शपथ खोटी ठरणार हे आधी ठाऊक असायला हवं. चाळीस माणसांदेखत यशोदेने आपलं घर सोडून दिलं होतं, आणि ते ज्या कारणासाठी सोडलं, तेच तिच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा होतं. यावर तिची उलटतपासणी कुणी घेऊ शकणार नव्हतं. आपल्या हातून कुणाचं खोटं फळाला येऊ नये, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. पण ते धरलं नाही तर बाकीची कलमं कशाला आहेत, हे वालावलकरांना त्या दुपारी सांगता आलं नसतं. त्यांनी लिहिलं: गंगारामने जागा दिली. यशोदा मालकासारखी पंधरा वर्षं बसली. दावा फेटाळला.

मग ते अडले. दिली असेल, तर परशुराम कोर्टात खोटं बोलला. हे लिहावं लागत होतं. तेवढी ओळ असली की निकाल भक्कम. नसली, तर वकील रत्नागिरीला अपिलात विचारणार, की वादी खरं बोलतो असं मानता, मग बापाने त्याला सांगितलेलं खोटं कसं? निकालाचा तो एक चिरा काढला की भिंत डगमगणार होती. आणि म्हातारीने तेवढंच तर मागितलं होतं. तिच्या लेखी देवासमोरची खोटी शपथ आणि सरकारी कागदावरचा खोटेपणाचा शेरा यांत फारसा फरक नव्हता. एकदा लिहिलं गेलं की ते पोरांच्या डोक्यावर बसणार.

स्वतःला न पटलेलं एकही वाक्य त्यांनी आजवर निकालात लिहिलं नव्हतं. चुकीची लिहिली असतील, न पटलेलं नाही. नोकरीतून घरी न्यायला एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे होती. ते उठून खिडकीशी गेले. किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत माणसं झोपली होती. आपणही असंच कुठेतरी आडवं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. परत येऊन त्यांनी एक ओळ लिहिली: ‘वादी हा त्या काळी शिक्षणासाठी मालवण येथे राहत असल्याने गाऱ्हाण्याच्या वेळी हजर नसावा, व त्याची समजूत प्रामाणिक असणे शक्य आहे.’ लिहून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचली नाही. खाली सही केली.

सोमवारी त्यांनी निकाल वाचून दाखवला. यशोदेला कळावं म्हणून शेवटी सोप्या शब्दांत सांगितलं, की घर तुमचंच आहे, तुम्हाला कुठेही जायचं नाही. तिने हात जोडले. मग तिने विचारलं, की त्याच्याबद्दल काय लिहिलं? वालावलकरांनी ती ओळ तिला पुन्हा वाचून दाखवली. ती ऐकत असताना ते कागदाकडेच बघत होते. म्हातारीने मान डोलावली आणि कट्ट्याची गाडी गाठायला ती बाहेर निघून गेली.

वकील खूश दिसत होते. हरलेला वकील इतका खूश कशाने होतो, ते वालावलकरांना ठाऊक होतं. नकलेचा अर्ज आजच देऊ, ते परशुरामला म्हणत होते, अपिलाला हा एवढा धागा पुरे आहे. परशुराम ऐकत नव्हता. तो पुढे येऊन मेजाच्या समोर उभा राहिला.

“साहेब, तेच्यात एक चूक आसा.”

“कशात?”

“तुमी वाचलास त्या ओळीत. मी मालवणात नाय होतंय.” त्याचा आवाज इतका खाली गेला की वालावलकरांना पुढे वाकावं लागलं. “जत्रेक मी घराक इल्लंय. बाबांनी गाऱ्हाणा घातल्यानी तेवा नारळ माज्या हातात होतो. ‘व्हय म्हाराजा’ म्हटलंय मी.”

वकिलांनी त्याचा सदरा मागून ओढला. त्याने तो सोडवूनही घेतला नाही, तसाच उभा राहिला.

वालावलकरांनी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षांत न पटलेली एकच ओळ, आणि तीसुद्धा दोन दिवस टिकली नाही.

“निकालावर सही झाली आहे,” ते म्हणाले. “सहीनंतर फक्त लेखनिकाच्या चुका दुरुस्त करता येतात. ही लेखनिकाची नाही.”

“मगे ह्या खंय लिवतलास?”

मेजावर दाव्याचे सगळे कागद होते: अर्ज, कैफियत, जबान्या, निकाल. यातल्या कुठल्याही कागदावर आता त्याला जागा नव्हती. व्हरांड्यात यशोदा खांबाला टेकून बसली होती. गाडी यायला अवकाश होता. वालावलकरांनी तिकडे पाहिलं, आणि कचेरीत आजवर कधी न काढलेली आपली शिरोड्याची बोली त्यांच्या तोंडून निघाली.

“हयसर लिवचा नाय, रे,” ते म्हणाले. “जा, तिका सांग.”

परशुराम दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. देवळाच्या उंबऱ्याशी उभा होता, तसाच. धोंडूने पुढच्या दाव्याचा पुकारा केला तरी तो अजून दारातच होता. पक्षकार आत येत होते, त्यांना वाट मिळेना. वालावलकरांनी हात वर करून सगळ्यांना थांबायला सांगितलं.